करकरणारी कप्पी

साजगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर यशवंतने धरणाच्या पाण्यात फिरायला छोटी शिडाची होडी घेतली. सुकाणू त्याच्या हाती, पुढच्या शिडाची दोरी बायकोच्या, सुगंधाच्या. म्हशीचं दावं धरावं तशी ती दोरी मनगटाला गुंडाळून बसे. गेल्या रविवारी वाऱ्याचा झोत आला, दोरी सुटेना आणि होडी उलटता उलटता राहिली. मनगट सुजलं.

"आता तुमी एकलेच जा," सुगंधा म्हणाली.

होडीला तर दोन माणसं लागत. यशवंत दोन वस्तू घेऊन आला: दोरी दातांत पकडणारा चाप आणि एक करकरणारी कप्पी. भिसेगावच्या घरामागे पेरूच्या खोडाला त्याने आधी चाप बसवला आणि फांदीवरून टाकलेल्या दोरीने पाण्याची बादली वर ओढून दोरी चापात अडकवली. बादली लटकून राहिली.

"बघ, हात मोकळे!"

"आन सोडायची कशी?" सुगंधाने हिसका दिला. दुखऱ्या मनगटाने दोरी चापातून निघेना. "वाऱ्याला सांगू का, थांब रं जरा?"

मग फांदीला कप्पी बांधली. तिचं चाक ओढताना करकरत फिरे, उलटं फिरत नसे; अडलेल्या चाकाला दोरी घासून बराचसा भार तिथेच पेलला जाई, हाताला थोडाच उरे. भरली बादली सुगंधाने दोन बोटांवर तोलली. मूठ उघडताच दोरी सरकन सुटली आणि बादली यशवंतच्या पायांवर रिकामी झाली.

"हीच लावा," ती हसू दाबत म्हणाली.

यशवंतने ओल्या पायांनीच चाप पिशवीत टाकला. "मग, रविवारी?"

"सातला निघू. मी दोरी गुंडाळाया लागले, तर वरडा माझ्यावर."

यशवंत फांदीवरची कप्पी सोडवू लागला.