घासून पुसून ठेवलेले पाट

गोव्यातल्या डिचोलीच्या एका सरकारी कचेरीत मी बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो ज्या टेबलावर जायला हवा तिथं पाठवायचा. कोरगावहून रोज जाऊन-येऊन हे केलं. एकही कागद माझ्या टेबलावर शिळा होऊ दिला नाही, याचा मला भारी अभिमान. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल-नारळ दिला आणि म्हणाले, "आता आराम करा." मग जो भेटेल तो तेच म्हणू लागला. रोजच्या बसचा कंडक्टरसुद्धा. या माणसाचं काम संपलं, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकल्यासारखं. मला मनातून संताप यायचा, पण वरवर हसून मी "हो हो" म्हणायचो.

आराम मी तीन आठवडे केला. सकाळी पाव विकणारा पदेर सायकलवरून पों पों करत आला की उंडे घ्यायचे, एवढंच माझ्या वाटणीचं काम. ते सात वाजता उरकायचं आणि पुढं अख्खा दिवस आ वासून समोर. मग मी स्वयंपाकघरात शिरलो. डब्यांना नंबर दिले, कुठल्या डब्यात काय त्याची यादी करून भिंतीला चिकटवली. बायकोनं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी तिला तिरफळं मिळेनात, तेव्हा यादी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुमी मात्शे भायर वचून येयात." जरा बाहेर जाऊन या, एवढंच. पण मी काय ते समजलो आणि चपला घातल्या.

आमच्या वाड्याच्या टोकाला गणपती घडवायची चित्रशाळा आहे. तिथले चितारी सत्तरीच्या पुढचे, सगळा गाव त्यांना दादा म्हणतो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दीड-दोन महिने होते. माती येऊन पडली होती आणि लोक आपापले पाट आणून देत होते. आमच्याकडे घरोघरचा गणपती त्या त्या घरच्या पाटावरच घडतो. पाट पिढ्यान् पिढ्या तोच. तो आणायचा, वर नारळ आणि पानाचा विडा ठेवायचा आणि म्हणायचं, "नेहमीसारखा." संपलं. नाव नाही, चिठ्ठी नाही, पावती नाही. कोणाचा मोरावर बसलेला, कोणाच्या मांडीवर नाग, कोणाचं पितांबर हिरवं, हे सगळं दादांच्या डोक्यात, आणि पाट कोणाचा ते पाटाकडे बघूनच कळायचं. आवक-जावकवाल्या माणसाला हे बघवेना. पण मला तिथं बसायला आवडू लागलं. कोणी मला आराम करा म्हणत नव्हतं, ते एक मोठंच कारण होतं.

एक दिवस दादांना मुलीकडे मोरजीला जावं लागलं, तीन दिवसांसाठी. चावी माझ्याकडे देत ते म्हणाले, "पाट मात्शे पुसून दवर."

पुसून ठेव, एवढंच म्हणाले होते. पण तीन आठवड्यांनंतर मला कोणीतरी काम सांगितलं होतं. मी सोडा आणला, नारळाची सोडणं आणली आणि एकूण एक्केचाळीस पाट विहिरीवर नेऊन घासले. वर्षानुवर्षांची हळद, पिंजर, तेलाचे थर, जुन्या रंगांचे ओघळ, कोणी कधीतरी खडूनं ओढलेल्या रेघा, सगळं काढलं. वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. तरी हात थांबेनात, म्हणून पेडण्याला जाऊन व्हार्निशचा डबा आणला आणि वर एक हात दिला. भिंतीला ओळीनं उभे केले तेव्हा ते नव्या गणवेशातल्या पोरांसारखे दिसत होते. मी मोबाईलवर फोटोही काढला.

दादा आले. दारातच उभे राहिले. मग एक पाट उचलला, उलटा केला, खाली ठेवला. दुसरा उचलला. असे सात-आठ झाल्यावर ते मातीच्या ढिगावर बसले.

"तुवें हें कितें केलें रे?"

"साफ केले," मी म्हणालो. तोवर मला अंदाज आला होता, पण तोंड आपलं बोलून गेलं.

"आतां हो कोणाचो? आनी हो?"

एकेका पाटावर बोट ठेवत ते विचारत होते. मी जे घासून काढलं होतं तीच त्या पाटांवरची नावं होती. दुसऱ्याच्या पाटावर आपला गणपती कोणी घरात घेणार नव्हतं, आणि पाट ओळखल्याशिवाय दादा मातीला हात लावणार नव्हते. काम थांबलं. माझ्यामुळे एक्केचाळीस घरांची चवथ अडली. बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावर एक कागद अडला नव्हता, आणि इथं तीन दिवसांत ही करामत. मला खरोखर रडू येत होतं. दादा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पयलीं च्या पियूंया."

चहा पिताना दादांनी वाड्यावाड्यानं घरं सांगितली आणि मी वहीत उतरवली. शेवटी माझंही घर आलं. आपल्याच घरी जाऊन काय विचारायचं, म्हणून त्याच्यापुढे मी तिथंच बरोबरची खूण केली आणि बाकीची चाळीस घरं गाठायला दुसऱ्या दिवशी निघालो.

फोटो दाखवून उपयोग नव्हता, फोटोत सगळेच तपकिरी. मग मी स्कूटरवर एका वेळी चार-चार पाट बांधून दारोदार हिंडू लागलो. पहिल्या घरात मी काय केलं ते सांगताना जीभ अडखळली. तिथली म्हातारी एवढी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं पाट मांडीवर घेतले, डोळे मिटले आणि खालून बोटं फिरवली. तिसऱ्याला म्हणाली, "हो न्हय," म्हणजे हा नव्हे. चौथ्याला म्हणाली, "हो. हांगा खिळो आसा, घोवान मारिल्लो." तिच्या नवऱ्यानं मारलेला तो खिळा वाकडा होता. तो नीट मारला असता, तर त्या बाईला चाळीस वर्षांनी पाट ओळखता आला नसता.

दुसऱ्या दिवसापासून मला ओढ लागली. सकाळी उंडे घेतले की मी स्कूटर काढायचो. एका घरचा पाट गोठ्याच्या जुन्या दाराचा निघाला. एकाचा एक पाय आखूड, त्याच्याखाली दर चवथीला करवंटीचा तुकडा लावतात. तोच तुकडा, जपून ठेवलेला. एका घरच्या मुलीनं लग्नाच्या आदल्या वर्षी पाटाच्या खालच्या अंगाला कोयतीच्या टोकानं फूल कोरलं होतं. तिच्या आईनं ते बघितलं आणि लगेच मुलीला फोन लावला. माझ्याकडे सगळ्यांचं बघणं बदललं होतं. आधी मी रस्त्यानं गेलो तर लोक मान हलवायचे. आता दुरूनच विचारायचे, "आमचो सापडलो?"

कारखान्यात काम करणारं बेळगावकडचं एक कुटुंब गावात भाड्यानं राहतं. त्यांचा पाट मला सहज कळला, कारण तो एकटाच प्लायवूडचा. गेल्याच वर्षी त्यांनी करून घेतला होता. मी तो नेऊन दाखवला तेव्हा ती बाई जरा हिरमुसली. "सगळ्यांचे जुने हाईत, आमचाच नवा," म्हणाली. मी तिला सांगितलं, की आता सगळेच नवे दिसतात, तुम्ही एकदम बरोबरीला आलात. तिनं मला दोन भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला.

अकराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी दुपारी झोपलो नाही त्याला अकरा दिवस झाले. मला बरं वाटत होतं. उगाच कशाला लपवू, मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं. तिथं कागदांना नंबर होते आणि कोणाचा कागद ते बघायची मला गरज नव्हती. इथं मी चूक निस्तरत होतो, पण सगळा गाव मला घरात घेत होता.

दादा एकेक पाट पक्का होईल तसे त्यावर माती चढवत होते. पंधराव्या दिवशी चाळीसाव्या घरी खूण केली आणि चित्रशाळेत आलो, तर भिंतीला एक पाट शिल्लक. फणसाचा, जड, कडेला थोडा खडबडीत. मी वही काढली. सगळ्या घरांपुढे खुणा. पुन्हा मोजलं.

"कोणीतरी जादा आणून ठेवलाय," मी म्हणालो.

दादांनी सोंडेवरून हात काढला नाही. "सगळ्या घरांनी गेल्लो तूं?"

"सगळ्या."

"घरा व्हर तो," ते म्हणाले.

घरी नेऊन काय करायचं ते मला कळेना, पण दादांनी पुन्हा मान वर केली नाही. मी तो स्कूटरवर घातला आणि घरी आणला. बायको नारळ खोवत होती. तिनं हात पुसले, पाट घेतला, उलटासुद्धा केला नाही. फक्त कडेवरून अंगठा फिरवला.

"हो आमचो," ती म्हणाली. "हांगा पळयात. तुमी ल्हान आसतना दांतांनी चाबिल्लें. सासूबायंनी माका दाखयल्लें."

मी बघितलं. कडेला चार-पाच बारीक खळगे होते, ओळीनं. पॉलिश पेपरनंसुद्धा गेले नव्हते. या पाटाला मी सोड्यानं घासलं होतं, व्हार्निश लावलं होतं, पंधरा दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता. माझेच दात मला ओळखू आले नव्हते. आधी वडील तो पाट चित्रशाळेत न्यायचे, मग लग्न झाल्यापासून ही नेते. मला रजा नसायची.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"सगळ्या घरांनी च्या पियेत भोंवलात. हांगा माका विचारूंक कोण आयलोच ना," ती म्हणाली आणि पुन्हा खोवायला बसली. पण हसत होती.

मी तिच्याजवळच जमिनीवर बसलो. मग तिला विचारलं, जसं चाळीस घरांत विचारलं होतं तसं, की आपला गणपती कसा असतो. तिनं सांगितलं. लाल पितांबर, उजवा पाय खाली सोडलेला, उंदीर डावीकडे. मी साठ वर्षं त्याच्यापुढे आरती म्हटली होती, आणि उंदीर कुठल्या बाजूला ते मला सांगता आलं नसतं.

तिनं नारळ दिला, विडा करून दिला. पाट काखेत मारून या वेळी मी चालतच गेलो. दादांपुढे तो ठेवला, वर नारळ आणि विडा ठेवला.

"कसो जाय?" कसा हवा, ते दादांनी विचारलं. त्यांना सगळं माहीत होतं.

"नेहमीसारखा," मी म्हणालो.

त्यांनी पाटाच्या कडेवरून बोट फिरवलं, खळग्यांपाशी जरासं थांबले आणि पाट भिंतीला लावला.

"फाल्यां वेगीं यो." उद्या लवकर ये, असं ते म्हणाले. "माती मळपाची आसा."