हलकं काम

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. बटणांची काजं करण्यात तिची इतकी वर्षं गेली होती, की कोणी खरं नाव विचारलं असतं तर तिलाच क्षणभर आठवावं लागलं असतं. स्वभावानं भित्री. सुई मोडली की आधी माफी मागायची, कधीकधी मशीनचीच.

गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, रजा झाली. परतताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून वाकायचं नाही, उचलायचं नाही, हलकं काम मागून घ्या. सुपरवायझरला सगळे मास्तर म्हणत. ऐन ऑर्डरीच्या तोंडावर आजारी पडणं त्याच्या मते असभ्यपणाचं होतं. पण बोलला मधाळ.

"हलकं काम हवं ना बाई? दिलं."

त्याच्या काचेच्या केबिनसमोर, भिंतीपाशी, एक खुर्ची. तिच्या मशीनवर दुसरीच कोणी. काम इतकं हलकं की नव्हतंच.

"पगार चालू आहे ना? मग बस की राणीसारखी," नवरा म्हणाला. राण्यांबद्दल त्याचं ज्ञान पत्त्यांपुरतं होतं.

ती पाण्याला उठली की मास्तर घड्याळ बघे. तिनं पाणी पिणंच सोडलं. ओळखीच्या बायका लांबून जाऊ लागल्या. ऑपरेशन संसर्गजन्य नसतं, खुर्ची असते.

एका दुपारी मास्तरच्या हातातून तयार शर्ट तिच्या पायाशी पडला. शिवणाऱ्या बाईला तयार शर्ट जमिनीवर बघवत नाही. डोक्याला न विचारता हात गेला. वाकली, उचलला, झटकला, वर लोंबता दोराही दातानं तोडला.

"अरे वा, वाकता येतं की!" मास्तर म्हणाला. "मग रजा कशाची होती? वर कळवायला हवं."

तिनं घाईघाईनं माफी मागितली.

तिची नणंद त्याच कारखान्यात कॉलर लावायची. घरी जाताना म्हणाली, "मुद्दाम पाडतो तो. उद्या हात मांड्यांखाली दाबून बस."

"आणि परत पडलं तर?"

"पडू दे. शर्ट आहे वहिनी, तान्हं पोर नाही."

दुसऱ्या दिवशी अख्खा गठ्ठाच पडला. मशीनं थांबली.

"उचला बाई. काल जमलं होतं."

मांड्यांखाली बोटं बधिर झाली होती. "डॉक्टर... नको म्हणालेत," ती म्हणाली, तेही शर्टांकडे बघून.

नणंद उठून आली. गठ्ठा उचलून तिनं टेबलावर आपटला. "मनाई वहिनीला आहे, मास्तर. मला नाही."

मास्तर नुसता हसला. त्या हसण्यानं काजवालीला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी भिंतीपाशी दोन खुर्च्या होत्या.

"तुला नको म्हटलं होतं ना मी मधे पडायला," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"कधी म्हणालीस? तुझं तोंड तरी उघडतं का?" नणंद ऐसपैस बसली. "चल, पाणी पिऊन येऊ."

काचेआड मास्तरनं घड्याळाचं मनगट वर केलं. नणंदेचा दंड घट्ट धरून काजवाली उठली.