खुब्याचा गोळा आणि कमोडची बादली

आमच्या कमोडला एका वेळेला एक बादली पाणी लागायचं. अर्ध्या बादलीत भागायचं नाही, आणि पाऊण ओतली तर वरून आणखी पाऊण ओतावी लागायची, म्हणजे तोटाच. हे मला इतकं पक्कं माहीत आहे, कारण त्या दुष्काळाच्या वर्षी घरातलं पाणी माझ्या ताब्यात होतं. मी त्या ड्रमांवर नागोबासारखी बसलेली असायचे.

चिकलठाण्याच्या मागं तेव्हा नवी वसाहत होत होती. आदल्या वर्षापर्यंत बाजरीचं शेत, आणि आता पांढरे दगड रोवलेले प्लॉट. मधेमधे आमच्यासारखी पाच-सात घरं, बाकी सगळं उघडं माळरान. नळ होता, फक्त त्याला पाणी येत नव्हतं. टँकर चार दिवसांनी यायचा, कधी सहा दिवसांनी. घर मात्र झोकात! चकचकीत टाइल्स, आणि संडास एकच, तोही कमोडचा. हे कंपनीत कामाला, हौस त्यांचीच. पण माहेरी जाऊन ऐट मी केली, खोटं कशाला बोलू?

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या गंगापूरकडच्या गावी राहायच्या, मेंढरं राखायच्या. त्या वर्षी विहिरी आटल्या, चारा संपला, मेंढरं विकावी लागली. मग यांनी त्यांना आमच्याकडं आणलं. सत्तरीच्या पुढची बाई, पण काटक. जन्म सगळा माळावर गेलेला, त्यांचा पाय काही आमच्या टाइल्सवर ठरायचा नाही. भिंतीला हात लावून चालायच्या.

एका सकाळी टँकर आला. टँकर आला की आमच्या गल्लीत कुणी कुणाचं नसतं. मी हंडा घेऊन पळत आत आले आणि दारातच तो हिंदकळला. फरशीवर हे एवढं पाणी! पुसते नंतर, म्हटलं, आधी नंबर जायला नको. मी बाहेर गेले आणि मागून आत्या भरलेली कळशी घेऊन आत आल्या.

कळशीचा आवाज झाला, मग त्यांचा. मी आत येऊन पाहते तर त्या आडव्या. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं. हात लावू देईनात.

"मोडलं बाई," त्याच म्हणाल्या. "मेंढराचं आसं झालं का त्ये पुन्हा उठत नाय."

"मग काय करतात त्याचं?" मी बावळटासारखं विचारलं.

जालना रोडवरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. खुब्यापाशी, मांडीच्या हाडाची मान मोडली होती. या वयात ते हाड स्क्रू घालून सांधेल याची खात्री नाही, म्हणाले, गोळाच काढून नवा बसवू. डाव्या हाताची वाटी करून त्यात उजवी मूठ फिरवून दाखवली. हा गोळा, ही वाटी. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी त्यांना वॉकर देऊन उभंसुद्धा केलं. मला तर रडूच आलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून सांगितलं, की तीन महिने खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर अजिबात बसायचं नाही. "उकिडवं बसलात की हा गोळा वाटीतून निसटणार. घरी कमोड आहे ना?"

"आहे!" मी म्हटलं. केवढ्या तोऱ्यात म्हटलं होतं!

मग आत्यांना बाहेर पाठवून ते आम्हा दोघांना म्हणाले, "यांचं हृदय फार कमजोर आहे. एवढी मोठी भूल कशीबशी निभावली. पुन्हा उघडायची वेळ आणू नका. दुसऱ्यांदा टेबलावरून उठतील असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

रिक्षात बसताना, आत्यांच्या देखतच, हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "आईच्या पायाला काही झालं, तर तू आपली बॅग भरायची आणि पैठणला जायचं." पैठण माझं माहेर. आमचे हे तसे अबोल, पण बोललेलं खरं करणारे. आधीच फरशी न पुसल्याचं त्यांना कळलं होतं.

पहिला महिना मी सांगितल्याबरहुकूम केलं. झोपताना दोन्ही पायांच्या मधे उशी. खुर्चीवर जेवण. गावाकडची माणसं भेटायला आली की खाली सतरंजीवर बसायची आणि आत्या वर खुर्चीत, संकोचून. "मला खाली बंदी हाय," म्हणायच्या आणि हसायच्या.

पण पाणी! टँकर आता आठ-आठ दिवस येईना. आत्यांना दिवसातून दोनदा जावं लागायचं, कधी तीनदा. दोन बादल्या, तीन बादल्या. माझं डोकंच फिरायचं. मी काही बोलायचे नाही, पण बादली जरा जास्तच आपटायचे. त्यांना ऐकू जावी अशी.

आणि एका दुपारी बोलले. ड्रमच्या तळाशी वीतभर पाणी, त्यात आत्या तिसऱ्यांदा वॉकर सरकवत निघाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढं पाणी तर तुमची मेंढरंसुद्धा पीत नसतील, आत्या!"

पाणी नाही म्हणून ज्या बाईची मेंढरं गेली, तिला मी हे बोलले. त्या तिथंच थांबल्या. मागं वळल्या, एक एक पाऊल टाकत खाटेवर जाऊन बसल्या. "नाय लागली," एवढंच म्हणाल्या.

जीभ झडावी असं वाटलं मला. पण माफी मागितली का? नाही. संध्याकाळी चहात साखर जास्त घातली, झालं.

त्या दिवसापासून बादल्या वाचायला लागल्या. आधी वाटलं, आत्या पाणीच कमी पितायत, जेवतायतही कमी. मग एका सकाळी त्यांच्या लुगड्याच्या काठाला कुसळं दिसली. घरात कुसळं कुठून येणार? वॉकरच्या रबरी बुडांना माती होती, ओली माती नव्हे, माळावरची पांढरी. मागच्या दाराशी एक टमरेल, त्यात तळाला घोटभर पाणी. मागच्या दारातून दहा पावलांवर मोकळे प्लॉट सुरू व्हायचे.

मला कळलं. आज कुणी म्हणालं, तुला शंका आली नसेल गं, तर मी ऐकून घेणार नाही. मला सगळं कळलं होतं. पहाटे मी आत कणीक मळत असायचे आणि मागच्या दाराची कडी हळूच निघायची, ती मला ऐकू यायची. वॉकरची टकटक लांब जायची. मी कणीक मळत राहायचे. ती टकटक परत ऐकू येते का, तिकडंच माझे कान असायचे. आली की वाटायचं, आजचं निभावलं, आणि वर एक बादलीही वाचली. रोज ठरवायचे, उद्या अडवीन. असे पंधरा दिवस गेले.

सोळाव्या की सतराव्या दिवशी टकटक परत आलीच नाही. मी मागच्या दारात गेले. प्लॉटच्या दगडाला धरून आत्या अर्धवट बसलेल्या. पाय पुन्हा आखूड, या वेळी आत वळलेला. ओरडत नव्हत्या. पदर तोंडात कोंबला होता.

शेजारणीला हाक मारली, दोघींनी मिळून त्यांना रिक्षात घातलं. हे पहिल्या पाळीला गेलेले. रिक्षा खड्ड्यात गेली की आत्या माझं मनगट आवळायच्या. अर्ध्या रस्त्यात म्हणाल्या, "कूस बदलताना झालं. खाटंवर. ध्यानात ठिव."

मी मान हलवली. मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी थोडीशी भूल देऊन पाय ओढला आणि गोळा जागेवर बसवला. संध्याकाळी ते खाटेपाशी आले. आता हेही तिथं होते.

"आजी, नीट आठवून सांगा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही खाली बसला असाल तर कारण कळलं. पट्टा बांधू, सहा आठवडे जपू, उघडायची गरज नाही. पण नुसतं कुशीवर वळताना निसटला असेल, तर तो बसवण्यातच माझं चुकलं. मग तो पुन्हा निसटणार. उघडून दुसरा बसवावा लागेल. आणि तुमचं हृदय कमजोर आहे, ते दुसरं ऑपरेशन सोसेल याची खात्री नाही."

"कूस बदलली," आत्या म्हणाल्या. "बाकी काय नाय."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "घरी तुम्ही असता. असंच झालं?"

हे माझ्याकडं बघत होते. मला बॅग दिसली, पैठणची एसटी दिसली, आईच्या दारात उभी मी दिसले.

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दहाची वेळ दिली. यांनी कागदावर सही केली. सकाळी नर्स म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. आत्यांच्या हातातल्या चांदीच्या पाटल्या लग्नापासूनच्या, निघेनात. मी साबण लावून काढायला बसले. हात इतका वाळला होता, तरी गाठीपाशी पाटली अडायची. त्या माझ्याकडं बघत होत्या, अगदी शांत.

"ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," म्हणाल्या. "मागं देऊ नको मला."

"असं काय बोलता, आत्या! दोन तासांत तर बाहेर याल."

"व्हय," म्हणाल्या, आणि छताकडं बघत राहिल्या.

स्ट्रेचर निघालं. मी पाटल्या मुठीत धरून मागं मागं चालत होते, हे पुढं. ऑपरेशनच्या दारापाशी डॉक्टर हिरव्या कपड्यात उभे होते. दार उघडलं, आतली गार हवा तोंडावर आली. आणखी चार पावलं गेली असती तर मी जन्मभर कुणाला काही सांगितलं नसतं, हे मला स्वतःबद्दल ठाऊक आहे.

"थांबा!" मी ओरडले. "खोटं आहे ते. उकिडव्या बसत होत्या. रोज. माळावर. पाणी वाचवायला. मी बोलले होते त्यांना, मेंढरांवरून बोलले होते. मला माहीत होतं, पंधरा दिवस माहीत होतं."

सगळे थांबले. हे भिंतीला टेकले आणि हळूहळू खालीच बसले. डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क ओढून काढला. "परत न्या यांना," ते स्ट्रेचर ढकलणाऱ्याला म्हणाले. "उघडायची गरज नाही. अहो, कालच सांगायचं होतं."

मी स्ट्रेचरच्या कडेला वाकले. म्हटलं, आता आत्या माझ्या तोंडावर थुंकल्या तरी चालेल. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. पण त्या चिडल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"कशापायी बोललीस?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "डाक्टर काय म्हनला ते मला समदं कळलं व्हतं की. माझं सरलंय, पोरी. तुला त्या घरात ऱ्हायाचं व्हतं."