गिअर पडंना

आमचे मालक, कृष्णात, पलटणीत उभी नोकरी ट्रक चालवण्यात घालवलेला माणूस. पलूसमदी अजून सगळी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत्यात. मला ताप आला तर गोळी घे म्हणत्याल आन् कूस बदलत्याल, पर गाडी जरा कुरकुरली की ह्यांना जेवाण ग्वाड लागत न्हाई.

तर म्हैनाभर झालं, गाडीचा गिअर पडंना. इंजिन बंद आसलं की सगळे गिअर गुमान पडायचे. चालू केलं की पहिल्याला कर्रकन आवाज, रिव्हर्सचं तर बोलूच नगा. भरतेशच्या गॅरेजात चकरा सुरू झाल्या. क्लच पुरता सुटत नसंल, म्हणाला भरतेश. त्यानं केबल बदलली, मग प्लेट बदलली, पायाखालची मॅटसुदिक काढून टाकली. त्यो बसला की गाडी लोण्यागत. हे बसले की पुन्यांदा कर्र. तुझ्याम्होरं कशी शानी हुती बघ, म्हणून हे त्याच्यावरच डाफरायचे.

मला घोर लागलेला त्यो येगळ्याच कारणानं. लेक सृष्टी साताऱ्याकडच्या खंडाळ्याला दिलेली, सातवा सरलेला, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तिला आणायची हुती. येताना खंबाटकीचा घाट. मी म्हणलं, भाड्याची गाडी करू. झालं, त्वांड फुगलं. जावई ऋषिराज म्हणाला मी आणून सोडतो, तर त्येबी न्हाई. लेकीला न्यायला माहेरचीच गाडी आन् बापच गेला पायजे. ह्या हट्टाला काय म्हणावं, सांगा.

जाताना रस्ता मोकळा हुता, निभावलं. ओटी भरून लेकीला घिऊन निघालो आन् घाटात म्होरं ट्रक बंद पडलेला. सगळी वाहनं चढालाच थटली. मी ह्यांच्या शेजारी, सृष्टी मागं उशीला टेकून. म्होरची गाडी हलली, ह्यांनी गिअर टाकला. कर्र. परत टाकला, कर्र. तिसऱ्यांदा पडला आसं वाटून ब्रेक सोडला आन् गाडी मागं सरायला लागली. मागं ट्रकचं धूड. सृष्टी पोटावर हात ठिवून "पप्पा" म्हणून वरडली. माझा हात हँडब्रेकवर कसा गेला देवालाच ठावं. गाडी थांबली तवा ट्रक हातभर लांब हुता.

मी खाली बघितलं. ह्यांची डावी चप्पल निसटून बाजूला पडलेली, आन् ह्यांना पत्ताच न्हाई. पाय पेडलवर नुसता ठिवलेला.

"आवं, दाबा की क्लच."

"दाबलाय की," हे म्हणाले. "पार तळाला दाबलाय."

पेडल निम्मंबी खाली गेलं न्हवतं. म्हैनाभर आमी गाडीला औषिद देत हुतो.

चार माणसांनी गाडी ढकलून कडंला लावली. मी ऋषिराजला फोन केला, त्यो दोस्ताच्या मोटरसायकलवर मागं बसून आला. त्यानं गाडी चालू केली, पहिला गिअर आवाज न करता पडला. हे मागं लेकीशेजारी बसले, चप्पल हातात धरून. भरतेशनं प्लेट नीट बशिवली न्हाई, आसं वाटभर म्हणत हुते. साताऱ्याजवळ आलो तवा मी ऋषिराजला म्हणलं, पलूस ऱ्हाऊ दे, आधी दवाखाना. लेकीला काय व्हतंय का, म्हणून हेच घाबरले.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी ह्यांना कॉटवर निजवलं आन् डाव्या तळव्याला आपला हात लावला.

"काका, क्लच दाबता तसा माझा हात दाबा. जोरात."

ह्यांनी डोळं मिटलं, दात आवळलं. कपाळाला घाम फुटला. लेक दारात उभी राहून बघत हुती. बाईंचा हात जागचा हलला न्हाई.

हे डोळं मिटूनच मला म्हणाले, "इजे, पडला का गं गिअर?"