होळीचा जन्म

आमच्या सातपुड्यातल्या पाड्यावर निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्यांना तीच तारीख टाकायचे, मलाही तीच टाकली. वर्ष तेवढं बरोबर लिहिलं. आई मात्र सांगायची, तू होळीच्या पहाटे जन्मलास.

फोनवर ईमेलचं खातं उघडताना कंपनीने जन्मतारीख विचारली, तेव्हा त्या वर्षीची होळी शोधून मी खरी तारीख भरली. खरं बोलायची हौस, दुसरं काय!

मागच्या महिन्यात जुना फोन नदीत पडला. तळोद्याहून नवा आणला, तर खातं उघडेना. तुम्ही तुम्हीच आहात का, असा संशय घेतला त्यांनी. आधार कार्डाचा फोटो पाठवला, पण त्यावर एक जून. तारीख जुळत नाही म्हणून अर्ज फेटाळला. फेटाळणारा माणूस होता की यंत्र, देव जाणे. तहसील कचेरीत निदान शिपायाशी तरी भांडता येतं. इतकी वर्षं माझे फोटोबिटो सगळं फुकटात सांभाळत होते, तेव्हाच कळायला हवं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय.

आई आता नाही. माझा जन्म होळीचा, याला तीच एक साक्षीदार होती. ती पहाट तिने आमच्या पावरी बोलीत सांगितली, तेव्हा मी तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. तो त्याच खात्यात आहे.