भिंतीतल्या माणसाचा दहावा

"शेवटचा सीझन लागला की सांभाळून राहायचं," असं म्हणत आमच्या सिस्टर मोबाईल कापसाच्या डब्याला टेकवायच्या आणि मग जेवायला बसायच्या. राजूरच्या वरच्या अंगाला आमचा छोटा सरकारी दवाखाना. त्या तिथे नर्स, मी औषधं देणारा. त्यांना नाद एकच, हिंदीत डब केलेल्या सुपरहिरोंच्या मालिका. तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, घरच्यांपेक्षा मालिकेतल्यांची काळजी करणारं.

"सुरुवातीला कसे गुणाचे असतात हो हे," त्या चपाती मोडत म्हणायच्या. "शेवटी शेवटी यांची डोकी फिरतात. कुणाची शक्तीच जाते, कुणावर मित्रच उलटतो. लिहिणाऱ्याला एकदा धरून विचारलं पाहिजे!"

"मग सोडून द्या ना बघायचं."

"अर्ध्यात कसं सोडायचं?" असं म्हणून माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच ती मालिका लिहिलीय.

डोंगरावरच्या एका वाडीतल्या बाबांना क्षयाच्या गोळ्या चालू होत्या. दोन महिन्यांत खोकला थांबला आणि बाबा यायचेही थांबले. या गोळ्या अर्ध्यात सोडल्या तर दुखणं दुप्पट जोरानं उलटतं. बाबांचा धाकटा भाऊ तसाच गेलेला. सिस्टर वाडीवर गेल्या, रागावल्या, हात जोडले. "मी बरा हाय. आता कशापायी?" बाबांचं एकच. शेवटी दमून त्या ओट्यावर टेकल्या, आणि कशावरून तरी भिंतीतून आरपार जाणाऱ्या त्यांच्या आवडत्या हिरोची गोष्ट निघाली. ऐन रंगात आल्यावर उठल्या. "पुढचं दवाखान्यात. बाजारच्या दिवशी या."

बाबा आले की हो! मग दर बाजाराला येऊ लागले. मी गोळ्या काढून द्यायचो, त्या समोर उभ्या राहून पहिली गिळायला लावायच्या आणि एक भाग सांगायच्या. बाकावरचे बाकीचे पेशंट आपला नंबर सोडून ऐकत बसायचे. डॉक्टर आतून ओरडायचे, पण ऐकतंय कोण.

एका दुपारी सिस्टरचा डबा उघडाच राहिला. शेवटच्या भागात भिंतीतला माणूस सगळ्यांना वाचवता वाचवता मेला होता. त्यांचे डोळे लाल. "मेला हो. आणि बाबांच्या गोळ्या अजून राहिल्यात."

"सांगू नका. ठेवा जिवंत."

"मला खोटं जमत नाही. तोंडावर दिसतं."

पुढच्या बाजाराला त्यांनी खरं ते सांगून टाकलं. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "दहावा केला का न्हाई कुनी त्याचा?"

सिस्टर गोंधळल्या. "केला असेल."

"मंग कावळा शिवला का?"

आली का पंचाईत! सिस्टरचं घर बौद्ध, तिकडं शेवगावचं. त्यांच्यात ना पिंड, ना कावळा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला हसूही येईना. मग त्यांनी बाबांच्या हातातल्या गोळ्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "नाही शिवला, बाबा. त्याचं काहीतरी राहिलंय."

"काय राह्यलंय?"

"पुढच्या बाजाराला सांगते."

झालं! खोटं न जमणारी ही बाई तिथून पुढे मेलेल्या माणसाला दर आठवड्याला भिंतीतून बाहेर काढू लागली. आज त्याचं भावाशी भांडण मिटवायचं राहिलंय, उद्या आईचं गळकं छप्पर. मालिकेपेक्षा हेच सरस होतं, देवाशपथ. बाबा गोळी गिळायचे आणि हळहळायचे.

आता सिस्टरची बदली झाली, नगरच्या पलीकडे. जेवणाच्या सुट्टीत दवाखाना फार गप्प असतो. मला ते मुळीच आवडत नाही, स्पष्टच सांगतो. त्या आठवतात त्या बाबांच्या गोळ्यांच्या शेवटच्या दिवशीच्या. तपासणी स्वच्छ आली होती. कागद त्यांनी दोनदा वाचला, बाबांना दाखवला, आणि सवयीनं गोष्टीला सुरुवात केली, "तर बाबा, तो परत आला..."

बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या बाई. माज्या गोळ्या सपल्या. माज्यापायी लई ताटकळला बिचारा. आता शिवू द्या कावळा."