मालिकेतली सांत्वनाची प्रार्थना

मी जिंकले असं लिहायला अजून भीती वाटते. कुणीतरी म्हणेल, सातवी झालेली, इस्त्री करणारी बाई, हिनं काय जिंकलं? पण उत्रोलीच्या त्या घरात त्या दुपारी जे झालं त्याला मला दुसरा शब्द सापडत नाही. देवाचे आभार मानायचे तर खरं सांगूनच मानावेत.

मी जालन्याच्या पलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली, पुण्यात शिवणकामाला आले आणि तिथून एका मालिकेच्या कपडेपटात. शूटिंग भोरच्या आसपास चालतं म्हणून युनिटनं मला भोरला खोली दिली आहे. कुणी काय घालायचं ते कपडेपटाचे प्रमुख, आमचे दादा, ठरवतात. इस्त्री, टाके, घड्या माझ्याकडं. काम आणि डोक्यावरचं छप्पर दोन्ही त्यांच्याच शब्दावर, त्यामुळं दादांच्या कपाळाला आठी पडली तरी माझी झोप जाते.

मालिकेत एक नर्स होती, ख्रिस्ती घरातली. तिचे वडील वारतात आणि गावातली ख्रिस्ती माणसं सांत्वनाच्या प्रार्थनेला जमतात, असा सीन आला. मला इतका आनंद झाला की मी आईला फोन करून सांगितलं, आपली माणसं टीव्हीवर येणार. मग पुण्याहून कपड्यांची ट्रंक आली. उघडली तर आत बारा काळे गाऊन, डोक्यावर घ्यायचे जाळीचे रुमाल, तीन काळे कोट आणि पाळकासाठी, म्हणजे धर्मगुरूसाठी, पायघोळ पांढरा झगा. दादांनी सीनचा कागदही दिला. मी बोट ठेवून ठेवून वाचला. सगळ्यांनी खुर्च्यांवर बसायचं, हातात मेणबत्त्या धरायच्या, आणि पाळक तोडक्यामोडक्या मराठीत बोलणार, ‘माय चाइल्ड, रडू नको.’

असे कपडे घालणारे ख्रिस्ती असतात, मुंबई-गोव्याकडं, आणि तेही आमचेच. पण ही नर्स खेड्यातली दाखवली होती. आमच्याकडं चपला दारात राहतात, सतरंजी अंथरतात, पेटी आणि टाळ येतात, बाया डोक्यावर पदर घेऊन बसतात. आणि आमच्या पाळकांचं शुद्ध मराठी ऐकून शाळेतल्या बाईंना धडकी भरायची.

दोन दिवस मी ते गाऊन मुकाट्यानं इस्त्री केले. रविवारी भोरमध्ये आम्ही चार-पाच कुटुंबं एका खोलीत उपासनेला जमतो, तिथं पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तुझं पोट त्या कामावर आहे. तू बोलच, असं मी म्हणणार नाही.”

मला हायसं वाटलं. पण ते थांबले नाहीत.

“एवढं ध्यानात घे. देव माणूस झाला म्हणजे कुठल्यातरी गावचा माणूस झाला. सुताराच्या घरात, तिथल्या बोलीत, तिथली भाकर खात. गाव नसलेला नुसता माणूस कुठं असतो का? आपल्याला गावच नाही असं लोक रोज टीव्हीवर बघायला लागले, की हळूहळू त्यांना वाटतं यांचा देवही कुठून तरी पार्सलनं आलाय.”

मला ते कळलं आणि भीती दुप्पट झाली. आता कळलं नाही म्हणायची सोयच राहिली नव्हती.

शूटिंगच्या दिवशी उत्रोलीतल्या त्या घरी गर्दीत बसायला उत्रोली आणि किकवीच्या बारा बाया आल्या. शेतकऱ्यांच्या घरातल्या, भजनी मंडळातल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. मी गाऊन वाटायला घेतले. त्यांच्यात सगळ्यांत थोरल्या मावशींनी एक गाऊन उलगडून उजेडात धरला.

“ही मॅक्सी कुनाची गं?”

“तुमची, मावशी. घालायची आहे.”

“मयताच्या घरी? मॅक्सी घालून?” त्या बाकीच्यांकडं वळल्या. “माजी सून टीव्हीवर बघंल आन् जलमभर मला मॅक्सीवाली म्हनंल.”

“तुमाला शोभंल की,” मागून एक म्हणाली.

“मग तूच घाल. दोन घाल.”

हसता हसता बारा जणींनी बारा गाऊन ट्रंकेवर ठेवून दिले. दादा चिडले, आवाज चढला, आणि दिग्दर्शक सर बाहेर आले. वयानं माझ्याहून लहान, पण स्वभावानं शांत.

“मावशी, तुम्हाला ख्रिश्चन दाखवायचंय आम्हाला.”

“दाखवा की. आमी कुठं न्हाई म्हनतोय? पन ख्रिश्चन बाया मयताला हे घालून जात्यात व्हय?”

सरांनी दादांकडं पाहिलं, दादांनी कागदाकडं. मी हातात इस्त्रीची वायर गुंडाळत होते.

“आमच्याकडं नाही घालत,” मी म्हणाले.

सर म्हणाले, “तुला काय माहीत?”

“मी ख्रिस्ती आहे, सर.”

दीड वर्ष मी त्या युनिटमध्ये होते आणि कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दादा तर उडालेच. “अगं, मी तुला तीनदा टिकल्यांचं पाकीट आणून दिलं. वाटलं, टिकली लावायला विसरते बिचारी.”

“ती तिन्ही पाकिटं मी ट्रंकेत ठेवलीत, दादा. नायिकेला वापरतो आपण.”

सर हसले नाहीत. ते म्हणाले, “तू म्हणतेस ते खरं असेल. पण बघणाऱ्याला कळायला हवं ना? साड्या नेसलेल्या बायका सतरंजीवर बसल्या, तर ते घर कुणाचं ते कसं कळणार?”

प्रश्न बरोबर होता. तोंडातून निघालं, “त्या गायला लागल्या की कळेल.”

“काय गातील?”

मग मी बाबांचं भजन म्हटलं, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्यावरचं. बाबा गवंडी होते, आता नाहीत. भिंत चढवता चढवता गाणी रचायचे. या गाण्याची चाल त्यांनी गावच्या जत्रेत तमाशाच्या फडावर ऐकलेली, म्हणून आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी वर्षभर ते उपासनेत म्हणू दिलं नव्हतं. बाबा विचारायचे, “चालीनं काय पाप केलंय? मी भिंतीवर बसून म्हणतो तेव्हा देव उठून जातो काय?”

दारी आला माझा धनी,
पाय माखले धुळीनं,
धुवाया मी खाली वाकले,
माझे धुतले तयानं.

पहिली ओळ बेसूर गेली, हे मला माहीत आहे. दुसऱ्यांदा म्हणताना मावशी मांडीवर ठेका धरत होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“टाळ हायेत का हितं?”

देवळाच्या सीनचे टाळ सामानात होते, ते कुणीतरी आणून दिले. एका बाईनं हळूच विचारलं, “ह्यातला देव कोंचा?”

“ज्यानं पाय धुतलं त्यो,” मावशी म्हणाल्या. “मयताच्या घरी दोन शबुद म्हनायचं, त्यात इचारायचं काय? घ्या.”

आणि त्यांनी घेतलं. चौथ्या फेरीला बारा आवाज होते. मी पंधरा वर्षं म्हणत आलेलं गाणं त्यांनी एका दमात आपलं केलं, आणि शेवटची ओळ उचलताना मावशींनी जी जागा घेतली ती बाबांनाही कधी सुचली नव्हती. लाईटवाले हातातलं काम सोडून दारात उभे राहिले. सर भिंतीला टेकून ऐकत होते. गाणं थांबल्यावर ते एवढंच म्हणाले, “खुर्च्या काढा.”

पुढं सगळं झपाट्यानं झालं. सतरंजी आली. भिंतीवरचा क्रूस राहिला, तो आमच्याही घरी असतो. पाळकाचं काम करणाऱ्या नटानं झगा काढला आणि म्हणाला, “सुटलो, आत नुसता घाम.” त्याला मी सदरा दिला. ‘माय चाइल्ड’ कसं बदलायचं ते सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, “आमचे पाळक आधी काही बोलत नाहीत. शेजारी बसतात, जेवलीस का विचारतात.” सरांनी तेच ठेवलं. मग मी बारा डोक्यांवर बारा पदर सारखे केले.

भाग लागला त्या संध्याकाळी आईचा फोन आला. आमच्या वस्तीत एकाच घरात सगळे जमून बघत होते. आधी तिनं कोण कोण आलं होतं ते सांगितलं. मग म्हणाली, “पदर लईच पुढं ओढलेत बायांचे.” आणि थोड्या वेळानं, “पण म्हटलं मात्र आपल्या मंडळीपेक्षा बरं.”

कामावरून मला कुणी काढलं नाही. उलट परवा सरांनी त्या नर्सच्या लग्नाच्या सीनचे कागद माझ्याकडं पाठवले, आधी वाचून बघ म्हणून. मला वाचायला पूर्ण दुपार लागली. पेन्सिलीनं तीन ठिकाणी खुणा केल्या. दोन त्यांनी लगेच मान्य केल्या. तिसरी नवरीच्या हळदीची आहे. ख्रिस्ती नवरीला हळद कशी, असं ते म्हणतात. आमच्याकडं अख्खी वस्ती हळदीत न्हाते, असं मी म्हणते, आणि या वेळी मी मागं हटणार नाही.